तळचं लाल काज

तिचं खरं नाव कागदोपत्री होतं तेवढंच. बाकी सगळ्या गल्लीला ती टाचणी म्हणूनच ठाऊक. एक तर अंगानं काटकुळी, त्यात दिवसभर तोंडात टाचण्या धरून बसायची सवय. गिऱ्हाईक काही विचारायला लागलं की ओठ न उघडता नुसतं ‘हं’ किंवा ‘हंहं’ करायची, आणि त्यातून काय घ्यायचं ते गिऱ्हाइकानं घ्यायचं. कपड्यांची दुरुस्ती हा तिचा धंदा. लांब पॅन्ट आखूड करायची, कंबर सैल करायची, उसवलेली शिवण धरायची, गेलेली चेन बदलायची. नवे कपडे शिवणं तिनं कधीच सोडलं होतं. अपवाद एकच, मुलाचे शर्ट. तो वायरमन म्हणून कामाला लागला, त्याला मिशा फुटल्या, तरी त्याचे शर्ट ती स्वतःच शिवत राहिली.

त्या शर्टांची एक खूण होती. सगळी काजं शर्टाच्या रंगाच्या दोऱ्यानं केलेली आणि अगदी तळचं तेवढं लाल. झालं होतं असं, की लहानपणी हा पोरगा भलता घाईचा. बटणं हमखास चुकीच्या काजात घालायचा आणि शर्टाची एक बाजू वर, एक खाली अशा अवतारात शाळेत जायचा. ओरडून उपयोग होईना, तेव्हा हिनं तळच्या काजाला लाल दोरा घातला आणि सांगितलं, लाल दिसलं की तिथून सुरू कर आणि वर चढत जा. पोरगा मोठा झाला, पण लाल काज राहिलं. एकदा ती विसरली आणि सगळी काजं एकाच रंगाची केली, तर त्यानं शर्ट परत आणून दिला. म्हणाला, आई, हा दुसऱ्या कुणाचा तरी दिसतोय. शर्ट पॅन्टीत खोचल्यावर ते काज कुणाला दिसणार? घरातल्या चौघांना माहीत, बाहेर कुणालाच नाही.

हा पोरगा एका सकाळी कंपनीचा गणवेश घालून कामावर गेला आणि खांबावरून जिवंत खाली आला नाही. लाइन बंद केली आहे असं त्याला सांगितलं होतं. कुणी सांगितलं, याची चौकशी झाली आणि चौकश्यांचं जे होतं तेच तिचंही झालं. त्यावर जास्त बोलण्यात अर्थ नाही, संताप तेवढा येतो.

आदल्या संध्याकाळी त्यानं अंगातून काढून खुंटीला टांगलेला शर्ट मात्र तसाच लटकत होता. राखाडी, बारीक निळ्या रेघांचा. बाकीचे शर्ट धुतलेले, घडी घातलेले, त्यांना साबणाशिवाय कसलाच वास नव्हता. ह्या एकाला पोराच्या अंगाचा वास होता. टाचणीनं तो प्लॅस्टिकच्या पिशवीत घातला, पिशवी पत्र्याच्या डब्यात ठेवली आणि डबा कपाटात, आणि घराबाहेर कुणाला त्याचं सांगितलं नाही. रोज सकाळी उठून डबा काढायचा, शर्ट नाकाशी धरून बसायचं, ‘अजून आहे’ असं म्हणायचं, मग चूळ भरून टाचण्या तोंडात धरायच्या आणि मशीनवर बसायचं. तिच्या जगण्याला एवढाच टेकू उरला होता.

एवढाच म्हणणं तसं खरं नाही, कारण शनिवार होता. शनिवारी दुपारी चौघी मैत्रिणी बाइंडिंगच्या दुकानामागच्या खोलीत जमायच्या आणि हातानं कार्डं करायच्या. दुकान बाइंडरणीचं. नवरा गेल्यावर लोकांना वाटलं दुकान बंद होईल, तर हिनं दुसऱ्याच आठवड्यात बाही सरसावून प्रेस फिरवायला सुरुवात केली. दुसऱ्या चित्रकलेच्या बाई. शाळेतून निवृत्त होऊनही शाळा त्यांच्यातून निवृत्त झालेली नव्हती. कुणाच्याही हातातलं काम बघून त्या आधी ‘छान’ म्हणायच्या आणि मग ‘पण’ म्हणायच्या. तिसरी सरकारी दवाखान्यातली नर्स. तिला सगळी दुनिया सिस्टर म्हणायची. चारचौघांत तिचा नवरासुद्धा चुकून तेच म्हणून बसायचा, आणि त्यावर चौघी वर्षानुवर्षं हसत आलेल्या होत्या.

कार्डं जायची ती सिस्टरच्या वॉर्डात. ज्यांना भेटायला कुणी येत नाही अशांच्या उशाशी ती ठेवायची. एकेक कार्ड चौघींच्या हातांतून फिरायचं. बाइंडरीण पुठ्ठा कापून मधोमध घडीची रेघ पाडायची. बाई त्यावर पातळ रंगाचा हात द्यायच्या, कधी चहाचं पाणी, कधी ओल्या रंगावर मिठाचे खडे टाकून उठवलेले ठिपके. मग त्यावर हातानं फाडलेले कागद, जुन्या नकाशांचे कपटे, वहीत दाबून वाळवलेली पानं, आणि कापड. कापड हा टाचणीचा प्रांत. ती दाभणानं पुठ्ठ्याला भोकं पाडायची आणि त्यांतून असे बारीक टाके घालायची की बाईंचं ‘पण’ घशात अडकायचं. पुन्हा बाइंडरीण सगळं प्रेसखाली दाबून सपाट करायची, आणि शेवटी सिस्टर आत दोन ओळी लिहायची. मरायला टेकलेल्या माणसाला काय लिहावं हे तिला बरोबर कळायचं. ‘बरे व्हा’ असं ती कधी लिहीत नसे. ‘आज खिडकीतून ऊन चांगलं येतंय’ असलं काहीतरी लिहायची.

खोलीच्या कोपऱ्यात एक मोठी टोपली होती. प्रत्येकीनं घरून आणलेलं सटरफटर त्यात ओतायचं, बाईंनी रंगाचे वाया गेलेले कागद, बाइंडरणीनं पुस्तकांचे निघालेले पुठ्ठे, टाचणीनं आठवड्याच्या चिंध्या. टोपलीत गेलं की ते टोपलीचं झालं. हे कुणाचं, कुठून आलं, असं विचारायचं नाही. हा नियम बाईंनी केला होता, कारण सुरुवातीला एकेक चिंधी हातात घेऊन चौघी गप्पांतच दुपार घालवायच्या आणि काम शून्य. आणि दुसरा नियम बाइंडरणीचा. टोपलीतलं सगळं कापड ती आधी उकळत्या पाण्यातून काढायची आणि खळ घालून वाळवायची. कच्चं कापड कापलं की दोरे सुटतात, खळ घातलेलं कसं कागदासारखं कापलं जातं, असं तिचं म्हणणं, आणि ते खरंच होतं.

पोरगा गेल्यावर तिघी धावत आल्या, घरातलं सगळं बघितलं, पण कार्ड काही त्यांनी टाचणीला दिलं नाही. सिस्टर कागद पुढे घेऊन बसायची आणि तशीच उठायची. परक्यांना लिहिणं सोपं होतं, असं ती बाइंडरणीला म्हणाली होती.

पुढे काही महिन्यांनी तो शर्ट नाहीसा झाला.

टाचणीची थोरली मुलगी तेव्हा राहायला आली होती. ती शहराच्या दुसऱ्या टोकाला औषधांच्या दुकानात कामाला, स्वतःचा संसार, पण आईबापांची दशा बघवेना म्हणून रजा काढून आलेली. आल्या आल्या तिनं पदर खोचून घर आवरायला घेतलं. कपाटंही आवरली. आणि त्याच आठवड्यात एका सकाळी टाचणीनं डबा उघडला तर आत रिकामी पिशवी. मग काय, तिनं घर डोक्यावर घेतलं. गाद्या उलट्या केल्या, गिऱ्हाइकांचे कपडे जमिनीवर फेकले. लेक शपथेवर सांगत होती की तिनं डब्याला हातही लावला नाही. शब्दानं शब्द वाढला आणि टाचणीच्या तोंडून निघून गेलं, की तुला भाऊ पहिल्यापासूनच नको होता. लेकीनं चप्पल घातली, पिशवी उचलली आणि गेली. ती परत आली नाही. फोन केला तरी टाचणी उचलत नव्हती, म्हणून फोनही थांबले. पुढचे कित्येक शनिवार टाचणी नुसती चिंध्यांची पिशवी न बघता टोपलीत उलटी करायची आणि कामाला न बसता परत यायची.

हे सगळं चाललं असताना टाचणीचा नवरा कुठे होता? तिथेच होता, चार हातांवर. जन्मभर ट्रक चालवून निवृत्त झालेला हा माणूस आता बायकोनं दुरुस्त केलेल्या कपड्यांना इस्त्री करून देत असे. मुळातच अबोल, पोरगा गेल्यापासून तर तोंडाला कुलूपच. त्या सकाळीही तो खाली मान घालून एकाच पॅन्टीवर इस्त्री फिरवत होता. पॅन्टीची घडी मोडून पुन्हा पाडत होता.

पोराला जाऊन वर्ष झालं, त्यानंतरच्या शनिवारी टाचणी चिंध्यांची पिशवी घेऊन नेहमीसारखी गेली. पाहते तर कामाला सुरुवातच झालेली नाही. टेबल पुसून स्वच्छ, तिघी एका बाजूला उभ्या आणि मधे एक कार्ड. बाइंडरणीनं ते तिच्याकडे सरकवलं आणि उगाच टेबलावरची नसलेली धूळ पुसली.

टाचणीचं लक्ष आधी टाक्यांकडे गेलं. धंदाच तसा. जाडे, लांबलांब, पुस्तक शिवायचे टाके बाइंडरणीनं कापडावर घातले होते, आणि कित्येक दिवसांनी तिला हसू आलं. बाईंनी पुठ्ठ्यावर संध्याकाळच्या आभाळाचा राखाडी-निळा रंग मुद्दाम कापडाशी जुळवून कालवला होता. कार्ड बंद करायला वरून एक पट्टी आडवी आणली होती. शर्टाची पट्टी, तिला एक काज, आणि खाली पुठ्ठ्यावर शिवलेलं बटण. काज लाल होतं.

तिचा हात तिथेच थांबला. काज आपलंच आहे हे तिला बघावं लागलं नाही, बोटाला कळलं. सुरुवातीचा टाका ती जरा तिरका घालायची, तो तसाच होता. राखाडी कापड, निळ्या रेघा. सिस्टर हळूच म्हणाली, उघड ना. आणि टाचणीनं पोराच्या शर्टाचं बटण काढलं.

आत लिहिलं होतं, ‘काय लिहावं ते आम्हाला वर्षभर सुचलं नाही. आम्ही आहोत.’

तिनं कार्ड उचलून नाकाशी नेलं. तिघींना वाटलं, तोंड लपवतेय. खळीचा वास आला, कागदाचा, रंगाचा. बस्स.

‘हे कापड कुठलं?’ तिनं विचारलं. आवाज साधा ठेवला.

नियम मोडल्याबद्दल त्या दिवशी कुणी तिला टोकलं नाही. बाइंडरीण तर सांगायला उत्सुकच होती. ‘तुझ्याच पिशवीतलं गं. तळाशी अख्खा शर्ट निघाला होता, गुंडाळी करून. मला वाटलं कुणा गिऱ्हाइकानं टाकला असेल. चांगला उकळून काढला, खळ घातली, इतका कडक बसला की तू बसत नव्हतीस त्या शनिवारांत सगळ्या वॉर्डाला पुरला. हा एवढा तुकडा मात्र मी कुणाला दिला नाही. ते इतकं सुबक लाल काज बघितलं आणि म्हटलं, हे हिच्यासाठी ठेवायचं.’

टाचणीनं त्या चेहऱ्याकडे पाहिलं. एवढ्या महिन्यांत पहिल्यांदाच बाइंडरणीला वाटत होतं की आपण हिच्यासाठी काहीतरी नीट केलं. खरं सांगितलं असतं तर बाइंडरणीनं जन्मात पुन्हा कात्री हातात धरली नसती. टाचणी म्हणाली, ‘छान झालंय.’

सवयीनं बाईंच्या तोंडून निघालं, ‘पण?’

‘पण काही नाही,’ टाचणी म्हणाली, आणि कार्डाचं बटण परत लावलं.

डोकं दुखतंय असं सांगून ती लवकर निघाली. रस्त्यात तिला एकच गोष्ट कळत होती. पिशवी दर आठवड्याला आपणच भरतो, आपणच बांधतो, आपणच नेऊन उलटी करतो. म्हणजे शर्ट आपणच टाकला. दुःखानं आपली मती गेली, आणि आपण लेकीचा बळी दिला. घरी न जाता ती उलट्या दिशेची बस पकडून थेट लेकीकडे गेली.

लेकीनं दार उघडलं, आईला बघितलं, आणि ‘ये’ म्हणाली, तेवढंच. चहा केला. टाचणीनं कार्ड टेबलावर ठेवलं. लाल काज बघून लेकीनं खुर्ची ओढली आणि बसली. टाचणीनं सगळं सांगितलं, आपणच टाकला आणि तुझ्यावर आळ घेतला, असं म्हणून हात जोडायला गेली, तर लेकीनं तिचे हात धरून खाली ठेवले.

‘आई, तू नाही टाकलास. बाबांनी टाकला. मी बघितलं होतं.’

टाचणीला वाटलं, आपण चुकीचं ऐकलं.

‘तू अंघोळीला गेली होतीस. त्यांनी डब्यातून काढला आणि तुझ्या चिंध्यांच्या पिशवीत तळाशी घातला. मला वाटलं, तेच सांगतील. तुझ्यासमोर गप्प उभे राहिले तेव्हा मला कळलं, हे काही बोलायचे नाहीत.’

‘मग तू का नाही बोललीस?’

‘मला माझं घर आहे, आई. मी निघून येऊ शकत होते. तुम्हाला दोघांनाच राहायचं होतं तिथे.’ लेकीनं कार्ड आईकडे सरकवलं. ‘शर्टाचं मला काही नाही. पण तू जे म्हणालीस ना, ते अजून जात नाही माझ्या डोक्यातून. प्रयत्न करते. जात नाही.’

टाचणीनं गार झालेला चहा संपवला, कारण लेकीनं केलेला होता. निघताना लेकीनं तिला बसपर्यंत सोडलं, पण घरी येते असं काही म्हणाली नाही.

घरी पोचली तेव्हा दिवस मावळत होता. नवरा खिडकीशी उभा राहून कुणाच्या तरी कोटाला इस्त्री करत होता. टाचणीच्या मनात सगळ्या वाटेत शब्द जमले होते, एकापेक्षा एक जहरी, आणि ते ऐकवायचा तिला हक्कही होता. तिनं कार्ड काढून इस्त्रीच्या टेबलावर, त्याच्या हाताजवळ ठेवलं.

त्यानं बघितलं. बराच वेळ बघितलं. मग म्हणाला, ‘सापडला.’

‘उकळला त्यांनी,’ ती म्हणाली. ‘खळ घातली. कापून वॉर्डात वाटला. आणि नेऊन दिला कुणी, तर मी, माझ्या हातानं. कचऱ्यात का नाही टाकलात?’

‘टाकवेना. म्हटलं, तुमच्या त्या कामात तरी लागेल.’

‘माझ्याजवळ तेवढंच होतं त्याचं. तुम्हाला माहीत होतं.’

त्यानं इस्त्री उभी करून ठेवली. बोलायची सवय नसलेल्या माणसासारखा तो शब्द चाचपडत होता. म्हणाला, ‘तू बाजारात गेलीस की मीही काढायचो. रोज. वास कधीच गेला होता गं त्याचा. तुझाच येत होता. तुझ्या हातांचा, मशीनच्या तेलाचा. तू रोज सकाळी म्हणायचीस, अजून आहे, अजून आहे. मी इथे उभा राहून ऐकायचो. मला सांगवेना.’

टाचणीनं स्वतःचे हात नाकाशी नेले आणि हुंगले. त्यांना तेलाचा वास होता. रोज सकाळी जो येत होता, तोच.

‘आणि लेकीवर आळ घेतला मी,’ ती म्हणाली. ‘तेव्हाही नाही सांगवलं?’

‘तेव्हा तोंड उघडलं असतं तर हे पण सांगावं लागलं असतं.’

जमवून आणलेले ते सगळे जहरी शब्द आता कुणाला ऐकवायचे हे तिला कळेना. ह्या माणसाला ऐकवावेत तर तोही रोज तिच्या पाठीमागे त्याच डब्यावर वाकत होता, आणि त्याला तर ‘अजून आहे’ एवढंही म्हणायची सोय नव्हती. दया आली असं नव्हे. राग होता तिथेच होता. पण रागासाठी ह्या घरात दोनच माणसं उरली होती, आणि त्यातली एक ती स्वतः होती.

‘इस्त्री बंद करा,’ ती म्हणाली. ‘आणि लेकीला फोन करा.’

‘आत्ता?’

‘आत्ता. मी नाही बोलणार. जे तेव्हा नाही सांगितलंत ते तिला सांगा.’

त्यानं बटण बंद केलं, हात पॅन्टीला पुसले आणि फोन लावला. पलीकडून लेकीनं उचलला. टाचणी समोर बसली होती, कार्ड मांडीवर, अंगठा लाल काजावर. खोली इतकी शांत होती की लेकीचा आवाज तिलाही ऐकू येत होता.

‘बाबा,’ लेक म्हणत होती, ‘बोला ना, बाबा. मी ऐकतेय.’